बाहेरची मदत आणि घरचा पोलीस

आमच्या शाळेची मुले ज्या सुलतान बाजारातून रोज ये-जा करतात, तो एके काळी रेसिडेन्सी बाजार म्हणून ओळखला जात असे. १९३३ पर्यंत येथे निजामाचा नव्हे, तर ब्रिटिश रेसिडेंटचा अंमल होता. शहर एक, पण सत्ता दोन! कायदा कोणाचा आणि तो राबविणारा शिपाई कोणाचा, हा प्रश्न या वस्तीला म्हणूनच नवा नाही. यादवी युद्धातून बाहेर पडलेल्या देशापुढे हाच प्रश्न फार तीव्र रूपाने उभा राहतो.

तोफा थंडावल्या की शांतता झाली, असे आपण समजतो. परंतु युद्धकाळात पोलिसाने एखाद्या पक्षाची बाजू घेतलेली असेल, तर नागरिक त्याच्याकडे तक्रार घेऊन जाण्यास धजत नाही. सैन्य शत्रूला हटवू शकते. चोरीचा तपास करणे, साक्षीपुरावा जमविणे, भांडण मिटविणे हे त्याचे काम नव्हे. ते पोलिसानेच करावयाचे असते. आणि त्यासाठी दलाची फेररचना करावी लागते. गांजलेल्या देशाला ती एकट्याने साधत नाही, म्हणून बाहेरची मदत येते.

अशा मदतीचे जवळचे उदाहरण आपल्याच हैदराबादचे आहे. ते दोन राष्ट्रांमधले नसले, तरी त्यातील अडचणी त्याच आहेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजामाने शरणागती जाहीर केली. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले, तर मुलकी कारभाराचे प्रमुख म्हणून डी. एस. बखले यांची नेमणूक झाली. रझाकारांच्या अत्याचारांमागोमाग काही जिल्ह्यांत मुसलमान प्रजेवर भीषण सूड उगविला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याची पाहणी करून जो अहवाल दिला, त्यात गणवेशातील काही माणसांवरही ठपका होता. रक्षकावरचा विश्वास उडणे म्हणजे काय, हे यावरून कळते.

शेजारच्या मद्रास, मुंबई आणि मध्य प्रांतांतून अधिकारी आले. दप्तर उर्दूचे, प्रजा तेलुगु, मराठी आणि कानडी बोलणारी; येणाऱ्यांपैकी अनेकांना दप्तर अपरिचित, तर कित्येकांना प्रजेची भाषाही! मदत आवश्यक होती. तथापि ती लांबली तेव्हा स्थानिकांना आपल्या नोकऱ्या परके घेतात असे वाटू लागले. १९५२ च्या मुलकी आंदोलनात सप्टेंबर महिन्यात याच शहरात पोलिसांच्या गोळीबारात माणसे दगावली, आणि न्यायमूर्ती पिंगळी जगनमोहन रेड्डी यांना चौकशी करावी लागली.

जेथे मदत अनेक राष्ट्रांकडून येते, तेथे गुंता आणखी वाढतो. एक देश वाहने देतो, दुसरा शिक्षक धाडतो, तिसरा ठाणी बांधतो. प्रत्येकाची कवायत निराळी आणि कायद्याची परंपराही निराळी. पूर्व तिमोरमध्ये १९९९ नंतर संयुक्त राष्ट्रसंघाने नवे पोलीस दल उभारले. नाना देशांच्या अधिकाऱ्यांनी नाना रीतींनी ते शिकविले. २००६ मध्ये देशात फूट पडताच ते दल राजधानीत कोलमडले आणि बाहेरच्या पोलिसांना पुन्हा बोलवावे लागले.

सुसूत्रीकरण म्हणजे केवळ बैठका नव्हेत. योजना एकच असावी आणि तिचे यजमानपद त्या देशाच्या शासनाकडे असावे. जुन्या शिपायांची पारख एकाच कसोटीने व्हावी; ती धर्म वा जात पाहून नव्हे, तर कृत्य पाहून व्हावी. शिक्षण लोकभाषेत मिळावे. देणगीतून आलेली गाडी पुढे कोणाच्या तेलाने चालणार आणि शिपायाचा पगार कोण देणार, हे आरंभीच ठरावे. पोलिसांबरोबर न्यायालय व तुरुंग यांचीही सुधारणा व्हावी. कारण पकडलेल्या माणसाला न्यायाधीशच नसेल, तर उत्तम पोलीसही व्यर्थ होय. शेवटी, मदत करणाऱ्याने आपल्या जाण्याची तयारी पहिल्या दिवसापासून करावी.

या कार्यात आपल्या देशाच्या भगिनींनीही हातभार लावला आहे. २००३ मध्ये यादवी संपलेल्या लायबेरियात २००७ साली भारताचे महिला पोलीस पथक गेले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिकार्यातील केवळ महिलांचे ते पहिलेच पथक. त्यांनी गस्त घातली, पहारे दिले; आणि त्यांना पाहून तेथील मुलींनाही पोलीस दलात जाण्याचा धीर आला. २०१६ मध्ये ते पथक मायदेशी परतले.

परक्याने दिवा लावून द्यावा, पण तेल घरच्यांनीच घालावयाचे असते. संकटात सापडलेली एखादी मुलगी रात्री न भिता ठाण्याची पायरी चढू शकते काय, हीच सर्व मदतीची खरी परीक्षा. ती परीक्षा केवळ दूरच्या देशांची नाही. आपल्या चौकातील ठाण्याचीही आहे, आणि त्या ठाण्याशी उद्या नागरिक म्हणून वागणाऱ्या आपणा सर्वांचीही.