एका दारावर न अडणारे आयुष्य

मोठ्या शहराविषयीच्या मराठी लेखनात तक्रारीचा सूर जुना आहे. गर्दी, धूर, महागाई, पाण्याची ओरड आणि शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही ही खंत इतक्या वेळा मांडली गेली आहे की, त्याच शहरात लाखो माणसे का येतात, का टिकतात आणि निवृत्तीनंतरही गावी का परतत नाहीत, याचा विचार मात्र मागे पडला. पोटापाण्यासाठी यावे लागते, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. कारण पोटाची सोय लागल्यानंतरही माणसे राहतात, आणि नुसती राहत नाहीत तर धाकट्या भावाला, मेहुण्याला, भाच्याला बोलावून घेतात. या ओढीचे मूळ शोधायचे तर मुंबईच्या मरीन ड्राइव्हपेक्षा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पूर्वेकडील दिघी अधिक उपयोगी पडते, कारण शहराची म्हणून जी शोभा सांगितली जाते ती येथे जवळपास नाहीच. आणि शोभा वजा केल्यावरही जे आवडते, तेच बहुधा खरे कारण असते. (रायगड जिल्ह्यातील दिघी बंदराशी या दिघीचा नावापलीकडे काही संबंध नाही.)

दिघी हे पुण्याहून आळंदीला जाणाऱ्या रस्त्यावरचे जुने गाव असून त्याच्या एका अंगाला कळस-विश्रांतवाडी, दुसऱ्या अंगाला भोसरी, पुढे चऱ्होली आणि आळंदी, तर भोवताली लष्कराच्या जमिनी व दत्तगडाची टेकडी आहे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा कारखाना आला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली एमआयडीसी, स्थापन झाले, टेल्को आणि बजाज यांच्यामागोमाग भोसरीत शेकडो लहान कारखाने उभे राहिले. १९७० साली नगरपालिका, १९८२ साली महापालिका आणि ११ सप्टेंबर १९९७ रोजी आसपासच्या अठरा गावांचा महापालिकेत समावेश, अशा क्रमाने शहर वाढत गेले. त्या अठरा गावांत दिघी होते. म्हणजे दिघीचा माणूस शहरात गेला नाही, शहर त्याच्या शिवारात आले. १९९१च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आत होती, २००१ साली ती दहा लाखांवर आणि २०११ साली सव्वासतरा लाखांवर गेली. दरम्यान चाकणला १९९९ साली बजाजचा, २००९ साली फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझचा आणि २०१० साली महिंद्राचा कारखाना सुरू झाला.

या वाढीत दिघीच्या वाट्याला दोन प्रकारचे नवे रहिवासी आले. एक वर्ग लष्कराशी संबंधित आहे. लष्करासाठी पूल आणि बॉम्ब निकामी करणारा ‘दक्ष’ यंत्रमानव विकसित करणारी ‘आर अँड डीई’ ही संरक्षण संशोधन संस्था आळंदी रस्त्यावर आहे, सैनिकांच्या मुलांसाठी १९९४ साली सुरू झालेले आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी दिघीतच आहे, दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि खडकीचे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे केंद्रही जवळ आहे. त्यामुळे निवृत्त होणाऱ्या जवानाला कँटीन, दवाखाना आणि ओळखीची माणसे एका टापूत मिळतात आणि तो येथेच घर बांधतो. दुसरा वर्ग कारखान्यांच्या कामगारांचा, त्यातही मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून आलेल्या तरुणांचा. शहर आवडण्याची मीमांसा करताना हा दुसरा वर्ग अधिक बोलका ठरतो, कारण त्याला शहराकडून सवलत काहीच मिळत नाही आणि तरीही तो परत जात नाही.

आल्फ्रेड मार्शल या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, एकाच धंद्याचे कारखाने एकाच परिसरात का गोळा होतात याची चिकित्सा केली आहे. त्यातील एक कारण असे की, विशिष्ट कौशल्याची माणसे जेथे मुबलक असतात तेथे मालक येतो आणि त्या कौशल्याला मागणी देणारे मालक जेथे अनेक असतात तेथे कामगार येतो. या परस्परसोयीला आजचे अर्थशास्त्र समूहनाचा लाभ म्हणते. आयटीआय करून आलेला फिटर किंवा सीएनसी यंत्र चालवणारा मुलगा हा सिद्धान्त वाचत नाही, परंतु जगतो तोच. साखर कारखाना हा ज्या तालुक्यात एकमेव मोठा रोजगार असतो तेथे संचालकाशी किंवा मुकादमाशी बिनसले की माणसाचा मार्ग संपतो. दिघीत राहणाऱ्याचे भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये जमले नाही तर पुढच्या गल्लीत दुसरे वर्कशॉप असते, ते नाही तर वीस-बावीस किलोमीटरवर चाकण असते. मोठ्या शहरातील सर्वांत आवडणारी गोष्ट कोणती, याविषयी हा लेख ज्या निष्कर्षाकडे येतो तो असा, की येथे माणसाचे आयुष्य एका दारावर अडून राहत नाही.

अर्थात या पर्यायांना कीडही लागलेली आहे. औद्योगिक कायद्यात २४० दिवसांच्या सलग सेवेला महत्त्व असल्याने कंत्राटी कामगाराला सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची, म्हणजे सेवा खंडित करून पुन्हा नव्याने घेण्याची, पद्धत या पट्ट्यात रूढ झाली. परिणामी अनेकांना पर्याय निवडावा लागतो तो आवडीने नव्हे, तर ब्रेक मिळाल्यामुळे. पण ब्रेक मिळालेला मुलगा गावी न जाता खोलीवरच थांबतो, कारण पुढच्या गेटवर भरती सुरू असल्याचे त्याला खोलीतील दुसऱ्याकडून कळते. नोकरीची बातमी ज्या वेगाने येथील मेसमध्ये पसरते त्या वेगाने ती कोणत्याही रोजगार कार्यालयातून पसरत नाही.

या खोल्यांकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, १,०८९ चौरस फूट; अशा एक-दोन गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतीत एका मजल्यावर मालक राहतो आणि बाकीच्या मजल्यांवर वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा, अशी घरे भाड्याने दिली जातात. जिन्याखाली वीजमीटरांची रांग, गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातलेले निळे-करडे गणवेश, दाराबाहेर पुढच्या टोकाला पोलादी टोपी असलेले सेफ्टी शूज आणि खिडकीत हेल्मेट, एवढ्यावरून आतील माणसाची कंपनी व शिफ्ट शेजाऱ्याला ओळखता येते. चौघे जण एका खोलीत राहत असले तरी फर्स्ट, सेकंड आणि थर्ड शिफ्टमुळे एका वेळी दोघेच जागे असतात. खोली मोठी वाटते ती अशी. स्वयंपाकाचा कंटाळा आला तर मेस असते, मेसचे वरण पातळ वाटले तर दुसरी मेस असते, आणि भाड्याचे गणित बसले नाही तर डिपॉझिट परत घेऊन दुसरी खोली पाहता येते. ही सोय क्षुल्लक दिसली, तरी ज्या तरुणाने आयुष्यात वडिलांच्या घराखेरीज दुसरे घर पाहिलेले नाही, त्याच्या दृष्टीने राहण्याची जागा स्वतः निवडणे हा मोठाच बदल असतो.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने १९०३ साली महानगरातील मानसिक जीवनावर लिहिलेल्या निबंधात, शहरी माणसाच्या अलिप्तपणामागे एक मोकळीक दडलेली असते, असे दाखवून दिले. लहान समूहात प्रत्येकावर प्रत्येकाची नजर असते. मोठ्या समूहात ती नजर विरळ होते आणि माणसाला स्वतःच्या मनाप्रमाणे वागायला जागा मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही ग्रामजीवनाचे गोडवे मान्य नव्हते आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात त्यांनी खेड्याला राज्यव्यवस्थेचा पाया मानण्याचा विचार कठोरपणे फेटाळला. ज्यांना गावात पाणवठा, पंगत आणि वस्ती यांच्या ठरलेल्या सीमा सोसाव्या लागल्या, त्यांना शहरातील ‘कोणाचा कोण’ हा भाव परकेपणाचा न वाटता सुटकेचा वाटतो. ही सुटका पूर्ण असते, असे मात्र म्हणता येणार नाही. बाबूराव बागुल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ सालच्या संग्रहाच्या शीर्षकातच ती अपुरी असल्याचे दिसते, आणि आजही खोली पाहायला गेलेल्या मुलाला गाव कोणते यापाठोपाठ आडनाव काय, हे विचारले जातेच. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की त्या घरमालकाने दार लावले तर गल्लीत आणखी दहा दारे असतात.

स्त्रियांच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक आहे. लग्न होऊन दिघीत आलेली तरुणी चार-सहा महिन्यांत पंजाबी ड्रेस घालू लागते, स्कूटी शिकते, जवळपास काम शोधते, आणि तिच्या नावे बँकेत पगार जमा होऊ लागतो. यातील एकही गोष्ट क्रांतिकारक नसली तरी गावी यांतील प्रत्येक गोष्टीसाठी कोणाची तरी परवानगी लागली असती. गावाकडे सणाला जाताना तीच तरुणी साडी नेसून डोक्यावर पदर घेते, हेही तितकेच खरे आहे, आणि त्यात दांभिकपणा पाहण्याचे कारण नाही. दोन्ही ठिकाणची रीत सांभाळण्याइतकी ती व्यवहारी असते. मुलांची शाळा, अडीअडचणीला संत तुकाराम नगरमधील महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि वर्षातून एखादे नाटक पाहायला भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह, ही या कुटुंबांची उरलेली कारणे असून ती सर्वांच्या परिचयाची आहेत.

परंतु दिघीची खरी मौज अशी की, येथे गाव मागे टाकूनही गाव सुटत नाही. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य नवमीच्या सुमारास दिघीवरून पुण्याकडे जाते. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी शिस्त लावून दिलेला हा सोहळा आळंदी रस्त्यावरून चालू लागला, की शिफ्ट बदलून घेतलेले कामगार पहाटेपासून रस्त्याच्या कडेला उभे राहतात. दर्शन हे एक निमित्त असतेच. शिवाय मराठवाड्यातील एखाद्या दिंडीत आपल्या गावची माणसे असतात आणि ती दिंडी कोणत्या क्रमांकावर आहे हे फोनवरून आधीच कळलेले असते. गावची म्हातारी आजी तेथे भेटते, तिच्या पायांना तेल लावले जाते, चहा-बिस्किटे आणि रेनकोट दिला जातो, आणि दहा मिनिटांत दिंडी पुढे सरकते. नातलगांची इतकी थोडक्यात आणि इतकी मनापासून होणारी भेट गावी चार दिवस राहूनही होत नसेल. एरवी गावाची बातमी, लग्नाची बोलणी आणि भांडणे यांसाठी प्रत्येक जिल्ह्याची मंडळे आहेतच; भजनी मंडळे तर घरटी मोजावीत इतकी.

शहराचे दोषही येथे झाकलेले नाहीत. महापालिकेने नोव्हेंबर २०१९पासून दिवसाआड पाणी देणे सुरू केले, मेट्रो पिंपरीपासून मार्च २०२२मध्ये धावू लागली तरी तिचा मार्ग दिघीपासून दूर आहे, आणि रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर ज्याला कंपनीची बस नसते त्याला दुचाकीवाल्या मित्राचाच आधार असतो. पर्यायांवर प्रेम करणाऱ्या माणसाला प्रवासाचा मात्र पर्याय मिळत नाही, आणि या शहराची सर्वांत मोठी उणीव कोणती असे विचारल्यास पाण्याच्याही आधी हीच सांगावी लागेल.

तरीही शहर आवडल्याची खरी पावती माणूस येथे जागा घेतो तेव्हा मिळते. दहा-बारा वर्षे भाड्याने काढल्यावर, ओटीचे म्हणजे जादा कामाचे पैसे, पत्नीची भिशी आणि गावाकडील एखाद्या तुकड्याची विक्री यांतून अर्धा किंवा एक गुंठा घेण्याचा बेत ठरतो. या टप्प्यावर सावधपणा फार गरजेचा आहे, कारण दिघीच्या आसपासचा बराच भाग लष्करी दारूगोळ्याच्या साठ्यामुळे ‘रेड झोन’मध्ये, म्हणजे १९०३च्या संरक्षणविषयक कायद्याखाली बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यात येतो, आणि तेथील जागा स्वस्त पडते ती नेमकी त्याच कारणाने. दुसरीकडे १९४७च्या तुकडेबंदी कायद्यामुळे लहान तुकड्यांची नोंदणी दीर्घकाळ अडत असे, त्यामुळे कित्येक व्यवहार नुसत्या नोटरी केलेल्या कागदावर झाले, आणि अशा कागदाने जमिनीची मालकी मिळत नाही. म्हणून या भागात जागा घेऊ पाहणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी सातबारा काढावा, महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती जागा रेड झोनच्या आत की बाहेर हे गट क्रमांकासह विचारावे, आणि दुय्यम निबंधकाकडे खरेदीखताची नोंदणी होत नसेल तर एजंट कितीही ओळखीचा असला तरी व्यवहार करू नये.