ड्युरंट वॉरियर्सकडे गेला कसा? गोष्ट एका उन्हाळ्याची आणि पगाराच्या मर्यादेची

४ जुलै २०१६. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी बास्केटबॉलपटू केविन ड्युरंटनं एक छोटा लेख लिहून जाहीर केलं, की आपण ओक्लाहोमा सिटी थंडर सोडून गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे जातोय. पाचच आठवड्यांपूर्वी याच वॉरियर्सनी त्याच्या संघाला बाहेर काढलं होतं, तेही थंडर ३-१ नं पुढे असताना. चिडलेल्या चाहत्यांनी त्याच्या जर्सी जाळल्या. ज्यांनी हरवलं त्यांनाच जाऊन मिळाला, हा शिक्का त्याच्यावर बसला तो कायमचा.

आयपीएलच्या लिलावात जो जास्त बोली लावेल त्याच्याकडे खेळाडू जातो. एनबीएत तसं नाही. करार संपला की खेळाडू ‘फ्री एजंट’ होतो आणि कुठल्या संघात जायचं ते स्वतः ठरवतो. मात्र संघाच्या खर्चाला ‘सॅलरी कॅप’ म्हणजे मर्यादा असते, आणि एकट्या खेळाडूच्या पगारालाही. पैसा असूनही सगळे तारे एका संघात भरता येत नाहीत, ते यामुळेच.

मग ७३ सामने जिंकलेल्या वॉरियर्सना ड्युरंट परवडला कसा? दोन गोष्टी जुळून आल्या. २०१६-१७ पासून टीव्ही हक्कांचा नवा, नऊ वर्षांचा २४ अब्ज डॉलरचा करार लागू झाला आणि मर्यादा ७ कोटी डॉलरवरून एकदम ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही वाढ हळूहळू करावी, असं लीगचं म्हणणं होतं. खेळाडूंच्या संघटनेनं ते फेटाळलं. दुसरी गोष्ट स्टेफ करीची. २०१२ मध्ये त्याचा घोटा सारखा दुखावत होता, म्हणून त्यानं चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लाखांचा करार घेतला होता. पुढे तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला, पगार मात्र तोच! तरीही हॅरिसन बार्न्स आणि अँड्र्यू बोगट यांना सोडावं लागलं, तेव्हा कुठे ड्युरंटच्या वर्षाला २ कोटी ६५ लाखांची सोय झाली.

म्हणजे दोष एकट्या ड्युरंटचा नव्हता. नऊ वर्षं खेळून एकही विजेतेपद नाही, आणि दार नियमांनीच उघडून दिलेलं. २०१७ आणि २०१८, दोन्ही वर्षी वॉरियर्स जिंकले, दोन्ही अंतिम मालिकांत सर्वोत्तम खेळाडू ड्युरंटच ठरला. २०१७ मध्ये तर बाकीचे खेळाडू टिकावेत म्हणून त्यानं नियमानं मिळू शकली असती त्याहून बरीच कमी रक्कम, अडीच कोटी, घेतली. टीकाकारांनी मात्र ती विजेतेपदं कधी पूर्ण त्याची मानलीच नाहीत. २०१९ च्या अंतिम मालिकेत टाचेची शीर तुटली, आणि त्याच उन्हाळ्यात तो ब्रुकलिनला गेला. तिथे आणि नंतर फीनिक्सला विजेतेपद हाती लागलं नाही.

लीगनंही धडा घेतला. २०१७ च्या करारानं निवडक ताऱ्यांना त्यांच्याच संघाकडून मर्यादेच्या ३५ टक्क्यांपर्यंत पगार लवकर मिळण्याची सोय केली. २०२३ च्या करारानुसार तर मर्यादा एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढूच शकत नाही.