गाडी बसते, गाडी उठते

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला गेली. ती आपल्याच जिल्ह्यातून सुटली. पुढे गावोगाव गाड्या आल्या, पण पायरी उंचच. श्रीरामपूरच्या स्टँडवर म्हाताऱ्या बाईला चढताना कुणीतरी हात द्यावा लागतो.

गाडीच खाली बसली तर? तशाही गाड्या आहेत. त्या कशा, ते आम्ही सांगतो.

उसाचा ट्रक भरला की खाली बसतो. ओझ्याने त्याचे पोलादी पाटे दबतात. रिकामा झाला की तो उठतो. काही बसगाड्यांत पाट्यांऐवजी जाड रबरी फुगे असतात. गाडीतला पंप हवा दाबून टाकीत भरतो. टाकीतली हवा फुग्यांत सोडली की गाडी उठते. हवा काढली की बसते. मोठ्या शहरांतल्या काही बसगाड्या थांब्यावर अशाच दाराच्या बाजूला झुकतात. पायरी खाली येते. म्हातारी माणसे सहज चढतात. मग गाडी पुन्हा उठते.

पण एक ध्यानात ठेवा. फुगा फुटला तर गाडी एकदम खाली येते. नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधी शिरू नका. आधी भक्कम टेकू लावा, मगच हात घाला.