पुनर्लागवडीचा धक्का आणि मुळांवरील बुरशीचा आधार

जयपूर : फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीतून वाढलेला राजा पार्क हा आज जयपुरातील गजबजलेला निवासी आणि व्यापारी भाग आहे. अशा दाट वस्तीत रस्त्याकडेला लावलेल्या रोपाची खरी कसोटी पावसाळ्यात नव्हे, तर पुढच्या मे महिन्यात लागते. येथील पाऊस बहुतांशी जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो आणि उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो. तोवर रोपाने नव्या जमिनीत मुळे रोवली नसतील, तर ते वाळते.

रोपवाटिकेतील रोपाची मुळे पिशवीतील मातीपुरतीच पसरलेली असतात. जमिनीतून उपटून हलवलेल्या झाडाची तर पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे मागेच राहतात. पाने मात्र पूर्वीइतकेच बाष्प बाहेर टाकत असतात. या तफावतीमुळे पाने कोमेजतात, फांद्या शेंड्याकडून सुकतात आणि वाढ खुंटते. यालाच पुनर्लागवडीचा धक्का म्हणतात.

या काळात मुळांच्या मदतीला येणारी बुरशी म्हणजे मायकोरायझा. महाराष्ट्रातील अनेक बागायतदारांना हे नाव जैविक खताच्या पुड्यांमुळे परिचित आहे. विज्ञानात ते जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी 1885 मध्ये रूढ केले. मूळ आणि बुरशी यांचे सहजीवन मात्र 40 कोटी वर्षांहून जुने असल्याचे स्कॉटलंडमधील जीवाश्मांवरून दिसते.

बुरशीचे तंतू मुळांपेक्षा कितीतरी बारीक असल्याने मुळांना अगम्य अशा मातीच्या फटींत शिरतात. स्फुरद जमिनीत जवळजवळ हलत नाही. मुळालगतच्या काही मिलिमीटर पट्ट्यातील साठा संपला की मूळ उपाशी राहते. तंतू त्यापलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत पोहोचून स्फुरद आणि जस्त आणतात. मोबदल्यात झाड पानांत तयार झालेल्या शर्करेचा वाटा बुरशीला देते. ही बुरशी रोपासाठी पाणी वाहून आणते, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. तंतूंतून थेट मिळणारे पाणी मर्यादित असते. सुधारलेले पोषण, मुळांचा मातीशी घट्ट संपर्क आणि पर्णरंध्रांवरील चांगले नियंत्रण यांमुळे रोप टंचाई अधिक सोसते. जोधपूर येथील केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेतही 1990 च्या दशकात शुष्क प्रदेशातील पिके, झाडे व गवतांवर या बुरशीचा अभ्यास झाला.

ही बुरशी एकाच जातीची नाही, आणि खरेदीची चूक बहुधा येथेच होते. कडुनिंब, पिंपळ, गुलमोहर, खेजडी अशा झाडांशी जुळणारी बुरशी मुळाच्या पेशींत शिरून झुडपासारख्या सूक्ष्म रचना करते. चीड किंवा साल वृक्षाची बुरशी मुळावर बाहेरून आवरण चढवते. चिडीसाठीची पूड कडुनिंबाला घातल्यास काहीही साधत नाही.

योग्य पूडही आळ्यात वरवर टाकून उपयोग नाही. बीजाणूंचा जिवंत मुळांशी स्पर्श व्हावा लागतो. म्हणून ती लागवडीच्या वेळी खड्ड्यात, मुळांच्या गोळ्यालगत घालावी. मुळे बुरशीने व्यापण्यास काही आठवडे लागतात, म्हणूनच रोपवाटिकेतच ती दिलेली रोपे अधिक सज्ज असतात. भरपूर सुपर फॉस्फेट घातल्यास झाडाला बुरशीची गरज उरत नाही व सहजीवन मंदावते. काही बुरशीनाशकांची आळवणीही तिला मारक ठरते.

तथापि प्रत्येक ठिकाणी ही पूड लागतेच असे नाही. जुन्या झाडांखालच्या सुपीक मातीत स्थानिक बुरशी आधीच असते, आणि परदेशांतील शहरी झाडांवरच्या अनेक चाचण्यांत बाजारातील उत्पादनांचा ठळक लाभ दिसलेला नाही. बांधकामाचा राडारोडा भरलेल्या, निर्जंतुक वा उकरलेल्या मातीत लाभाची शक्यता अधिक. पण बुंध्यापर्यंत काँक्रीट असेल, तर मुळांना आणि बुरशीला दोघांनाही हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिघातील काँक्रीट काढण्याचे आदेश दिले, ते याच अडचणीशी निगडित होते.

बुरशी घातलेल्या रोपालाही पहिले किमान दोन उन्हाळे खोलवर पाणी द्यावे लागते. आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवल्यास ओल टिकते. मात्र ते खोडाला टेकू देऊ नये, अन्यथा साल कुजते.