स्मृतिभ्रंश : कोणता प्रकार, कोणती खूण?

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया हा एकच आजार नव्हे, तर लक्षणसमूह आहे. स्मरण, भाषा, निर्णयशक्ती यांपैकी काही क्षमता ढासळून रोजचे व्यवहार अडू लागतात.

• अल्झायमर : सर्वाधिक आढळणारा प्रकार; सुमारे ६० ते ७० टक्के रुग्ण. सुरुवात हळूहळू. जुन्या आठवणी शाबूत, पण सकाळचे बोलणे दुपारी आठवत नाही. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये प्रथम वर्णन केले.

• रक्तवाहिन्यांशी निगडित : अनेकदा पक्षाघातानंतर. घसरण बहुधा पायरीपायरीने. विचार मंदावतो, नियोजन जमत नाही. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान हे धोके.

• ल्यूई बॉडी : नसलेली माणसे वा प्राणी स्पष्ट दिसणे, सावधपणात चढउतार, झोपेत हातपाय झाडणे, हालचालींत ताठरपणा. मनोविकारावरील काही औषधांची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते.

• फ्रंटोटेम्पोरल : बहुधा ४५ ते ६५ या वयात. आधी स्वभाव किंवा भाषा बदलते. स्मरणशक्ती सुरुवातीला बऱ्यापैकी टिकते.

• मिश्र : एकाच व्यक्तीत दोन प्रकार, बहुतेकदा अल्झायमर आणि रक्तवाहिन्यांचा.

गल्लत टाळा

• काही तासांत वा दिवसांत उद्भवलेला गोंधळ म्हणजे बहुधा डिलिरियम. तातडीने डॉक्टरांकडे न्यावे.

• ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य यांतही विसरभोळेपणा येतो. उपचारांनी तो सुधारू शकतो.

• चष्मा कुठे ठेवला हे विसरणे वयानुसार स्वाभाविक. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणे ही तपासणीची वेळ.