हिरवे दिवे कोठे नेतात?

रात्री विमानतळावर खिडकीतून निळ्या दिव्यांच्या रांगा दिसतात. उड्डाणापूर्वी विमान ज्या वाटेने सावकाश चालत धावपट्टीकडे जाते, त्या वाटेला टॅक्सीवे म्हणतात. निळे दिवे तिच्या कडा दाखवतात. मोठ्या विमानतळांवर तिच्या मध्यरेषेवर जमिनीत हिरवे दिवे बसवलेले असतात. धावपट्टीच्या कडांचे आणि मध्यरेषेचे दिवे मात्र पांढरे असतात; फक्त शेवटच्या टप्प्यात त्यांचा रंग बदलतो.

ही भाषा इतकी सोपी असताना वैमानिक वाट कशी चुकतो? एक कारण भूमितीत आहे. जंबो विमानात वैमानिकाचे डोळे जमिनीपासून सुमारे साडेआठ मीटर उंचीवर असतात. दिवे १५ मीटर अंतराने आहेत असे समजू. ३० व ४५ मीटरवरचे दोन दिवे त्याच्या डोळ्याशी सुमारे ५ अंशांचा कोन करतात. ३०० व ३१५ मीटरवरचे दोन दिवे मात्र अंशाच्या जेमतेम तेराव्या भागाएवढा! (विद्यार्थ्यांनी हे त्रिकोणमितीने पडताळून पाहावे.) म्हणजे दूरचे दिवे एकमेकांत मिसळतात आणि नकाशावर स्पष्ट असलेला फाटा ठिपक्यांच्या गर्दीत हरवतो. वर्गात फरशीवर खडूच्या तुकड्यांनी दोन फाटे मांडा. ते आधी उभे राहून पाहा, मग गाल फरशीला टेकवून पाहा.

३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री तैपेईच्या विमानतळावर वादळी पाऊस होता. सिंगापूर एअरलाइन्सच्या जंबो विमानाला डाव्या धावपट्टीवरून उडायचे होते. तिच्या अलीकडची समांतर उजवी धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. तिचा काही भाग टॅक्सीवे म्हणून वापरात होता, त्यामुळे तिच्या मध्यरेषेवर हिरवे दिवे होते. फाट्यापाशी उजव्या धावपट्टीवर वळणारे हिरवे दिवे दाट होते. सरळ डाव्या धावपट्टीकडे नेणारे दिवे विरळ होते. त्यांतला एक बंद, तर एक मंद होता. वैमानिक दाट दिव्यांमागे गेला. वेग घेतल्यावर विमान बांधकामाच्या यंत्रांवर आदळले. १७९ जणांपैकी ८३ मृत्युमुखी पडले.

धावपट्टीच्या मध्यरेषेवर पांढऱ्याऐवजी हिरवे दिवे होते. चूक सांगणारी खूण डोळ्यांसमोर होती; पण आपण योग्य जागी आहोत असे मनाने ठरवल्यावर डोळे ती खूण वाचत नाहीत.

म्हणून दिव्यांच्या योजनेत माणसाच्या या स्वभावाचाही विचार करावा लागतो. अनेक ठिकाणी धावपट्टीच्या तोंडाशी तांबड्या दिव्यांची आडवी ओळ असते. ती विझल्याशिवाय आणि नियंत्रकाची परवानगी मिळाल्याशिवाय पुढे जायचे नसते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तर विमानाला ठरवून दिलेल्या वाटेवरचेच हिरवे दिवे लावले जातात. वैमानिकाला फाटा निवडावाच लागत नाही. मात्र मग योग्य दिवे लावण्याची आणि प्रत्येक दिवा जळता ठेवण्याची जबाबदारी जमिनीवरच्या माणसांवर येते.