विषयज्ञान आणि अध्यापनपात्रता : इंग्लंडमधील शालोत्तर शिक्षकाचा प्रश्न

शाळेत शिकविणाऱ्याने अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतलेले असावे, हे तत्त्व आज बहुतेक देशांत मान्य झालेले आहे. विद्यापीठात शिकविणाऱ्याकडून मात्र विषयातील अधिकाराची अपेक्षा केली जाते. त्याच्या अध्यापनकौशल्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. या दोन टोकांच्या मध्ये जो शिक्षक उभा असतो, त्याची पात्रता कशाने ठरवावी? इंग्लंडमध्ये या प्रश्नाची गेल्या पाऊण शतकात जी उत्तरे दिली गेली, त्यांचा परामर्श घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांच्या व्यवस्था स्वतंत्र असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षानंतर, परंतु विद्यापीठीय पदवीच्या कक्षेबाहेर जे शिक्षण दिले जाते, त्यास ‘फर्दर एज्युकेशन’ असे म्हणतात. आपण त्यास सोयीसाठी शालोत्तर शिक्षण म्हणू. गवंडीकाम, नळजोडणी, केशकर्तन, हिशेबलेखन, रुग्णसेवा, तसेच प्रौढांसाठी इंग्रजी व गणित असे नाना विषय तेथील महाविद्यालयांतून शिकविले जातात. १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्याने या शिक्षणाची सोय करणे हे स्थानिक शिक्षणाधिकारी मंडळांचे कर्तव्य ठरविले. पुढे १९९२ च्या कायद्यान्वये ही महाविद्यालये १९९३ पासून त्या मंडळांच्या नियंत्रणातून मुक्त होऊन स्वायत्त झाली.

या शिक्षकाचे वैशिष्ट्य असे की, तो प्रथम कारागीर किंवा व्यावसायिक असतो आणि मागाहून शिक्षक होतो. आयुष्याची दहापंधरा वर्षे विजेच्या तारा जोडण्यात घालविलेला मनुष्य वर्गात येतो, तेव्हा त्याच्याजवळ अनुभव भरपूर असतो. पण ज्याचा हात पहिल्यांदाच तारेला लागत आहे, त्याला काय अवघड जाते हे तो कदाचित विसरून गेलेला असतो. ही अडचण ओळखूनच दुसऱ्या महायुद्धानंतर बोल्टन, हडर्सफील्ड व लंडन येथे आणि १९६१ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे तांत्रिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालये निघाली. सिटी अँड गिल्ड्स ऑफ लंडन इन्स्टिट्यूट या १८७८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे अध्यापनाचे प्रमाणपत्र तर ‘७३०’ या आपल्या क्रमांकानेच सर्वत्र परिचित होते. तथापि ही सारी व्यवस्था ऐच्छिक होती. प्रमाणपत्रावाचून शिकविण्यास कायद्याची आडकाठी नव्हती.

हे चित्र २००१ मध्ये पालटले. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून नव्याने नेमल्या जाणाऱ्या शिक्षकांस अध्यापनाची अर्हता मिळविणे नियमाने आवश्यक झाले. २००७ च्या नियमांनी हे बंधन अधिक कडक केले. आरंभीचा लहान अभ्यासक्रम पहिल्याच वर्षी, आणि संपूर्ण अर्हता व तिच्यावर आधारलेला व्यावसायिक दर्जा पाच वर्षांच्या आत मिळवावा. ‘इन्स्टिट्यूट फॉर लर्निंग’ या संस्थेकडे नाव नोंदवावे. पूर्ण वेळ शिक्षकाने प्रतिवर्षी तीस तास स्वतःच्या अभ्यासास द्यावेत, असा त्यांचा आशय होता. परंतु २०१२ मध्ये लॉर्ड लिंगफील्ड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हे नियम रद्द करण्याची शिफारस केली व २०१३ मध्ये ते रद्दही झाले. कर्मचाऱ्यांची योग्यता ठरविणे हा सरकारचा नसून मालक संस्थेचा विषय होय, अशी या बदलामागील भूमिका होती.

म्हणजे आज कायद्याच्या दृष्टीने अध्यापनाची कोणतीही एक पदविका अनिवार्य नाही. व्यवहारात मात्र महाविद्यालये सामान्यतः पुढील अपेक्षा ठेवतात. पहिली, जो विषय शिकवावयाचा त्यातील मान्य अर्हता, आणि व्यावसायिक विषय असल्यास प्रत्यक्ष कामाचा अनुभव. दुसरी, इंग्रजी व गणित यांत शालान्त पातळीचे किमान प्रावीण्य. तिसरी, अध्यापनाची अर्हता. ती नेमणुकीच्या वेळी नसल्यास नोकरीत राहून मिळवावी लागते. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांशी नित्य संबंध येत असल्याने गुन्हेविषयक नोंदींची सविस्तर तपासणीही होते.

अध्यापनाच्या अर्हतेत २०१३ पासून तीन पायऱ्या होत्या : तिसऱ्या स्तराचे प्राथमिक प्रमाणपत्र, चौथ्या स्तराचे प्रमाणपत्र व पाचव्या स्तराची पदविका. इंग्लंडच्या श्रेणिक्रमात तिसरा स्तर विद्यापीठप्रवेशाच्या परीक्षेबरोबरीचा, तर पाचवा पदवीच्या दुसऱ्या वर्षाबरोबरीचा समजतात. या पदविकेसाठी किमान शंभर तासांचे प्रत्यक्ष अध्यापन आवश्यक असे. २०२४ पासून तिच्या जागी पाचव्या स्तराचीच नवी पदविका आली आहे. पदवीधरांस विद्यापीठाचे पदव्युत्तर प्रमाणपत्र घेण्याचाही मार्ग मोकळा आहे. त्यापुढे शिक्षकाने आपल्या कामाचे पुरावे सादर करून मिळवावयाचा ‘क्यूटीएलएस’ हा व्यावसायिक दर्जा ऐच्छिक आहे. मात्र १ एप्रिल २०१२ पासून तो शाळेत शिकविण्यासही ग्राह्य धरला जातो.

येथे एक विसंगती लक्षात घेतली पाहिजे. २०१५ पासून इंग्लंडमधील तरुणांस अठराव्या वर्षापर्यंत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू ठेवावे लागते; आणि ज्यांना शाळेत इंग्रजी वा गणितात अपेक्षित श्रेणी मिळाली नाही, त्यांनी त्या विषयाचा अभ्यास पुढेही करणे ही २०१४ पासून महाविद्यालयाच्या अनुदानाची अट आहे. शाळेत अपयश पदरी आलेला असा विद्यार्थी बहुधा याच महाविद्यालयांत येतो. ज्याला शिकविणे सर्वांत कठीण, त्याच्या शिक्षकाकडून अध्यापनशास्त्राची अपेक्षा कायद्याने सर्वांत कमी ठेवावी, हे समर्थनीय दिसत नाही. मात्र सक्तीच्या बाजूनेही सर्व काही निर्दोष नव्हते. कुशल कारागिरास वर्गात आणावयाचे तर उद्योगातील वेतन सोडून तो येतो, आणि आल्याबरोबर त्याच्यासमोर निबंध व परीक्षा ठेवल्या, तर तो परत जाण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखकास असे वाटते की, या अर्हतेचे मर्म प्रमाणपत्रात नसून तिच्या क्रमात आहे : आधी विषय, मग वर्ग, आणि वर्गात उभे असतानाच अध्यापनाचा सहानुभूतीने करविलेला अभ्यास. नियम ठेवावयाचा असेल, तर त्याने या क्रमास वेळ व साहाय्य द्यावे.

हा प्रश्न आपणांसही परका नाही. आपल्याकडे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिल्प निदेशकांसाठी शिकविण्याच्या प्रशिक्षणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. विद्यापीठीय अध्यापकाच्या अध्यापनाभिरुचीची परीक्षा मात्र ‘नेट’च्या पहिल्या प्रश्नपत्रिकेतच घेतली जाते. लोखंड कापण्यास शिकविणाऱ्याला जे ज्ञान आवश्यक वाटले, ते काव्य किंवा रसायन शिकविणाऱ्याला अनावश्यक का वाटावे, याचा विचार अध्यापकांनी आणि उद्या अध्यापक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी करणे अगत्याचे आहे.